भाकरी फुगते कशी, चटणी मुरते कशी

शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ. सोलापूरच्या शेंगा चटणीत एवढंच असतं. यातला एकही जिन्नस दुर्मिळ नाही, कृती कुणी लपवून ठेवलेली नाही, तरी सोलापूरहून पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांच्या पिशवीत या चटणीचं पाकीट हटकून असतं. तेच पाच जिन्नस घरी मिक्सरमध्ये फिरवले, तर एक तिखट भुकटी तयार होते. ती वाईट लागत नाही, पण तिला सोलापूरची चव येत नाही.

भाकरीचंही तसंच. ज्वारीचं पीठ आणि पाणी, दोनच गोष्टी. पण आयुष्यभर गव्हाच्या पोळ्या लाटलेला हात पहिल्यांदा ज्वारीच्या पिठाला लागला की भाकरी कडेने चिरते, उचलताना तुटते आणि तव्यावर पडली तरी फुगायचं नाव घेत नाही. सोलापूर, मंगळवेढा, बार्शीकडच्या घरांत मात्र तीच भाकरी रोज टम्म फुगून तव्यावरून उतरते.

दोन्ही कोड्यांचं उत्तर जिन्नसांच्या यादीत सापडत नाही. काय आधी तापवलं, काय कच्चं ठेवलं, कुठे ठेचलं आणि पाणी नेमकं कोणत्या क्षणी घातलं, यात ते दडलेलं आहे. घरी रोज करता येईल असं साधं आणि तरीही चवदार शाकाहारी जेवण कसं जमतं, हे समजून घ्यायला सोलापुरी ताटाइतकं चांगलं उदाहरण मिळणं अवघड. त्यात महागडे जिन्नस नाहीत, भाज्यांची रेलचेल नाही. जी चव आहे ती करणाऱ्याच्या हाताने आणलेली आहे.

कोरड्या मुलखाचं ताट

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापुरात सरासरी साडेपाचशेच्या आसपास. पण इथली काळी, भारी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून इथलं मुख्य पीक पावसाळ्यात नव्हे, पावसाळा सरताना पेरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्ताचा पाऊस झाला की रब्बी ज्वारी पेरायची आणि पुढचे चार महिने जमिनीतल्या ओलीवर तिला वाढू द्यायचं. थंडीत कोरड्या हवेत दाणा भरतो, त्याला पाऊस लागत नाही, त्यामुळे तो काळा पडत नाही. मोत्यासारखा पांढरा राहतो.

या ज्वारीचा सगळ्यात नावाजलेला वाण म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण तयार झाला. पुढे कितीतरी सुधारित वाण आले, तरी भाकरीची चव आणि जनावरांना आवडणारा कडबा या दोन गुणांवर मालदांडी आजही शेतात टिकून आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. पंधराव्या शतकात दुष्काळ पडला तेव्हा संत दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांसाठी खुली केली, ही कथा याच गावची. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

ताटातल्या बाकीच्या दोन महत्त्वाच्या गोष्टी, शेंगदाणा आणि मिरची, मूळच्या अमेरिका खंडातल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची भारतात आली, शेंगदाण्याचा मोठा पसारा त्यानंतर बराच उशिरा झाला. आज सोलापूरची ओळख ठरलेली चटणी या दोन पाहुण्यांनी मिळून घडवली आहे.

पिठालाच खळ लावायची

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून लवचीक जाळं तयार करतात. या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, ती या जाळ्यामुळे. ज्वारीतही प्रथिनं भरपूर, सुमारे दहा टक्के. पण तिचं मुख्य प्रथिन, काफिरिन, दाण्याच्या आत सूक्ष्म गोळ्यांमध्ये बंद असतं. पाणी घाला, कितीही मळा, ते मोकळं होऊन एकमेकांत गुंतत नाही.

सोलापूरच्या वाचकाला हे मागाच्या भाषेत चटकन कळेल. गव्हाची कणीक हे विणलेलं कापड, तर ज्वारीचं पीठ म्हणजे सुटे तंतू. सुटं सूत मागावर तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात, म्हणजे पिठाची कांजी लावतात. भाकरी करणारी बाई हेच करते, फक्त खळ बाहेरून आणत नाही, पिठातूनच काढते.

ती निघते गरम पाण्याने. ज्वारीच्या दाण्यात सगळ्यात जास्त असतो तो स्टार्च, म्हणजे पिष्ट. थंड पाण्यात पिष्टाचे कण नुसते भिजतात. पाणी साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की ते फुगतात, पाणी शोषतात आणि चिकट होतात. उकळतं पाणी परातीतल्या पिठाच्या मधोमध घातलं की जिथे ते पडतं तिथल्या पिठाची खळ होते आणि आजूबाजूचं कोरडं पीठ या खळीत धरलं जातं. सगळं पीठ उकडलं तर गोळा हाताला चिकटेल, थापता येणार नाही. अजिबात उकडलं नाही तर चिरेल. म्हणून थोडं गरम पाणी, मग गरजेपुरतं साधं पाणी, आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळणं. रगडण्याने ही खळ सगळ्या पिठात सारखी पसरते. नवखे लोक इथेच घाई करतात. ज्वारीचं पीठ गव्हापेक्षा जास्त मळावं लागतं, कमी नाही.

पिठात अंगचा चिकटपणा किती आहे यावरही बरंच अवलंबून असतं. जुन्या पिठाची ‘विरी गेली’ असं बायका म्हणतात. अशा पिठाला गरम पाणी जास्त लागतं. दळल्यावर दाण्याच्या अंकुरातलं तेल हवेला उघडं पडतं आणि दिवस गेले की पीठ कडवट होऊ लागतं, हेही आहेच. ज्वारी आठवड्यापुरतीच दळून आणण्याची जुनी पद्धत म्हणूनच राखण्यासारखी आहे. गिरणीत जायला वेळ नसेल तर पीठ हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावं.

दोन पापुद्र्यांमधली वाफ

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना तिची कोरड्या पिठाची बाजू वर येते आणि लगेच त्या बाजूवर पाण्याचा हात फिरवला जातो. कुणी हे सवयीने करतं, कुणी आईने केलं म्हणून. पण हा हात चुकला तर भाकरी फुगत नाही.

भाकरी फुगायला दोन्ही बाजूंना अखंड, वाफ न गळणारा पापुद्रा लागतो. तव्याला टेकलेली बाजू लगेच शेकू लागते आणि तिचा पापुद्रा धरतो. वरच्या बाजूला सुटं पीठ असतं, ते तसंच राहिलं तर आचेने वाळून तडे जातात. पाणी फिरवल्याने हे पीठ भिजतं, बारीक भेगा बुजतात आणि खालून येणाऱ्या आचेने तिथलं पिष्टही फुगून एकसंध होतं. पाणी जवळजवळ सुकलं, पण पुरतं सुकलं नाही, हा उलटण्याचा क्षण. आधी उलटली तर ओलं पीठ तव्याला चिकटतं. उशीर झाला तर तडे पडून गेलेले असतात.

मग भाकरी थेट आचेवर किंवा चुलीतल्या आरावर धरतात. आतल्या ओलाव्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते मूळच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा मागतं. बाहेर पडायला वाट नसली की ती दोन पापुद्रे एकमेकांपासून सोडवते. म्हणजे भाकरी फुगवणारी हवा बाहेरून येत नाही आणि त्यात खमीरही नसतं. मळताना घातलेलं पाणीच ते काम करतं. एखादी भाकरी एका बाजूनेच फुगली तर बहुतेक वेळा थापताना तिथली जाडी कमीजास्त झालेली असते, किंवा कडेला चीर राहून वाफ निसटलेली असते.

महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी

सोलापूर, कलबुर्गी, विजयपुरा या सीमेवरच्या पट्ट्यात, मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत, कडक भाकरी होते. कापडासारखी पातळ थापायची, वर तीळ लावायचे, आणि नेहमीसारखी शेकून झाल्यावर मंद आचेवर पार ओलावा जाईपर्यंत वाळवायची. आज सोलापुरात अनेक महिला घरगुती पातळीवर हा व्यवसाय करतात आणि इथून कडक भाकरीची खोकी राज्यभर जातात.

ती टिकते कारण बुरशी आणि जिवाणू यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. एका मर्यादेखाली ओलावा गेला की कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. मीठ, साखर, तेल, काहीही न घालता फक्त पाणी काढून टाकून अन्न टिकवण्याचा हा मार्ग कोरड्या हवेच्या प्रदेशात सहज जमतो. कोकणात जुलैमध्ये हीच भाकरी उघडी ठेवली तर काही तासांत नरम पडेल, कारण ती हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेते. म्हणून डबा घट्ट हवा.

कडक भाकरी नुसती खातात, दह्याबरोबर खातात, किंवा गरम आमटीत चुरतात. चुरल्यावर ती दोन-तीन मिनिटं आमटी शोषते, पण पूर्ण मऊ पडत नाही. तो अर्धवट कुरकुरीतपणा ताज्या भाकरीत मिळत नाही.

शेंगा भाजताना काय घडतं

आता चटणी. कच्चा शेंगदाणा हिरवट, कडधान्यासारखा लागतो, आणि तो कडधान्यांच्या कुळातलाच आहे. भाजला की त्याचा वास ओळखू न येण्याइतका बदलतो. या बदलाचा मुख्य भाग १९१२ साली लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णन केलेल्या अभिक्रियेतून घडतो. उष्णतेने प्रथिनांमधले घटक आणि साखरा एकत्र येतात, रंग तपकिरी होत जातो आणि शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. पोळीवरचे डाग, कॉफी, भाजलेला रवा, परतलेला कांदा, सगळ्यांच्या वासामागे हीच प्रक्रिया आहे.

ती पाण्याच्या उकळबिंदूच्या बरीच वर वेग घेते. म्हणून शिजवलेल्या शेंगांना भाजलेल्या शेंगांचा वास कधी येत नाही: पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही. आणि म्हणूनच आच मंद हवी. मोठ्या आचेवर सालं करपतात, पण दाण्याच्या पोटात ओलावा तसाच राहतो. वर कडू आणि आत कच्चं, असा तो दाणा चटणी बिघडवतो. दाणा फोडून पाहावा: आतून फिकट बदामी रंग आला की उतरवायचा आणि लगेच ताटात पसरायचा. गरम कढईत राहिला तर उतरवल्यावरही भाजला जात राहतो.

भाजण्याआधी दाणे निवडणं ही कंटाळवाणी पायरी टाळू नये. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकायलाच हवेत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर बुरशी वाढली होती आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. यकृताला घातक असलेलं हे विष घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. एक कडू दाणा चावला गेला तर तो थुंकून टाकावा, हा साधा नियम घरातल्या लहान मुलांनाही शिकवण्यासारखा आहे.

उखळ आणि मिक्सर

शेंगदाण्याच्या वजनातलं जवळजवळ निम्मं तेल असतं. ते दाण्यातल्या पेशींमध्ये बंदिस्त असतं. उखळातलं मुसळ किंवा खलबत्त्यातला बत्ता दाण्यावर दाब देतो. पेशी चिरडल्या जातात, तेल बाहेर येतं आणि आजूबाजूच्या तिखट-मिठाला धरतं. मिक्सरचं पातं दाणा चिरतं. पहिल्या काही सेकंदांत कोरडा कूट मिळतो, तेल बहुतांशी आतच राहतं. जास्त फिरवलं तर पातं आणि भांडं तापतं, दाणे पार बारीक होतात आणि लगद्याकडे वाटचाल सुरू होते. मधली अवस्था, जिच्यात काही कण जाडसर, काही पूर्ण चिरडलेले आणि सगळ्यांवर तेलाचा पातळ थर, ती मिक्सरला धरता येत नाही. सोलापुरी चटणी मुठीत दाबली की तिचा मुटका होतो आणि बोटाने स्पर्श केला की सुटतो. हीच ती अवस्था.

लसणाचं गणित आणखी वेगळं आहे. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. पाकळीत ॲलिन नावाचा पदार्थ एका कप्प्यात आणि त्यावर काम करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघे भेटतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होतं. नाकात जाणारा तो झणका ॲलिसिनचा. १९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी ते वेगळं करून दाखवलं. आपल्या स्वयंपाकाला यातला महत्त्वाचा भाग असा की हे विकर उष्णतेने मरतं. लसूण आधी भाजला आणि मग ठेचला तर झणका तयारच होत नाही, गोडसर, मऊ चव येते. कच्चा ठेचला तर पूर्ण जोर येतो. म्हणजे एकाच लसणाच्या दोन चवी, फक्त क्रम बदलून.

शेंगा चटणीत लसूण कच्चाच ठेचतात. ॲलिसिन फार काळ टिकत नाही. शेंगांच्या तेलात ते हळूहळू दुसऱ्या, सौम्य गंधकयुक्त पदार्थांत बदलतं. त्याच वेळी मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरत असतो, कारण दोन्ही तेलात विरघळणारे आहेत. चटणी ‘मुरते’ ती अशी. केलेल्या दिवशी लसूण पुढे येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव एकजीव होते.

चौकट: घरच्या खलबत्त्यातली शेंगा चटणी
दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजून, गार करून, अर्धी सालं पाखडून घ्यावीत. सगळी सालं काढायची गरज नाही, त्यांचा किंचित तुरटपणा चटणीला हवा असतो. दहा-बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं आणि मीठ आधी ठेचावं, मिठाच्या खड्यांनी लसूण लवकर चिरडला जातो. मग दोन चमचे लाल तिखट आणि मूठ-मूठ शेंगदाणे घालत कुटत जावं. तेल सुटून मुटका होऊ लागला की थांबावं. मिक्सरच वापरायचा असेल तर एका वेळी एखाद सेकंद, थांबून थांबून फिरवावा आणि शेवटी तेच मिश्रण पाच मिनिटं खलबत्त्यात कुटावं. चटणीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी, कारण उजेड आणि हवा दोन्ही शेंगांचं तेल खवट करतात.

तिखट ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट, कडू यांना जिभेवर वेगळ्या संवेदना-पेशी आहेत. तिखटाला तशा नाहीत. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. ज्या ग्राहकावर ते बसतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढच्या खऱ्या उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हा ग्राहक शोधला, आणि २०२१च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता. गरम भाकरीबरोबर ठेचा जास्त झोंबतो आणि गार भाकरीबरोबर कमी, त्याचं कारण इथे आहे: एकाच दारावर दोघे एकदम धडकतात.

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून ठसका लागल्यावर पाणी प्यायलं तर आग तोंडभर पसरते. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून जिभेवरून सोडवतं. सोलापुरी ताटात ठेचा किंवा चटणीच्या शेजारी दह्याची कवडी असते, ती शोभेला नसते. चटणीतल्या शेंगांचं तेलही कॅप्सायसिन धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. तेवढंच तिखट पाण्याच्या रश्शात घातलं तर ते घशाशी झोंबतं, शेंगांमध्ये घातलं तर सोसवतं. लहान मुलांच्या आणि पाहुण्यांच्या ताटासाठी हे ध्यानात ठेवावं. तिखट कमी करण्यापेक्षा शेंगा किंवा दही वाढवणं चवीला जास्त मानवतं.

आमटी: तेल आधी, आंबट शेवटी

फोडणीमागचं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं. मसाल्यांचे बहुतेक सुगंध पाण्यात नाही, तेलात उतरतात. डाळीच्या पाण्यात जिरं उकळत ठेवलं तर घरभर वास पसरेल, पण आमटीत फारसा उरणार नाही. तोच वास आधी तेलात धरला तर तेलाबरोबर आमटीवर तरंगतो आणि पहिल्या घासाला नाकापर्यंत पोचतो.

क्रम ठरतो तो कोण किती आच सोसतं यावर. मोहरीला कडक तेल लागतं. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते आणि तिचा कडवटपणा जाऊन भाजका स्वाद येतो. ती तडतडायच्या आधीच बाकीचं घातलं तर मोहरी कच्ची राहते. मग जिरं, मग हिंग. कच्च्या हिंगाचा वास उग्र असतो, गरम तेलात काही सेकंदांत त्याचा उग्रपणा उतरतो आणि कांदा-लसणाची आठवण करून देणारा स्वाद उरतो. ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो तिथे हिंगावर इतका भर का, हे यावरून कळेल. हळद आणि तिखट शेवटी, गॅस बंद करून किंवा अगदी मंद ठेवून. बारीक पूड दोन-चार सेकंदांत जळते, आणि जळलेलं तिखट नंतर कशानेही सुधारत नाही.

आमटी दाट करायला सोलापूर आणि लगतच्या मराठवाड्यात येसर वापरतात: धान्य आणि हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्यांबरोबर दळलेलं पीठ. भाजल्यामुळे त्याला शेंगांसारखाच खमंग वास असतो आणि त्यातलं पिष्ट पाणी धरून आमटीला अंग देतं. भाजी नसलेल्या दिवशी नुसत्या येसराची आमटी आणि भाकरी एवढ्यावर जेवण होतं. ते थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठी होतात. कारण भाकरीच्या उकडीत जे आपल्याला हवं असतं तेच इथे नडतं: गाठीचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. म्हणून येसर आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग ओतायचं. हाच नियम झुणक्याच्या पातळ भावाला, पिठल्याला, लागू.

इथल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाबद्दलही सांगायला हवं. खडकावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणारं ते शेवाळ आणि बुरशी यांचं जोड-जीवन आहे. हातात घेऊन वास घेतला तर फार काही कळत नाही. तेलात परतलं की मात्र त्याचा मातकट, धुरकट गंध उघडतो आणि भाजलेल्या खोबऱ्याबरोबर तो काळ्या मसाल्याची ओळख बनतो.

डाळ शिजत नसेल तर दोष बहुधा डाळीचा नसतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतात. चिंच किंवा टोमॅटो सुरुवातीलाच घातला तर आम्लतेनेही पेक्टिन सुटायला उशीर लागतो. डाळ आधी हळद-हिंग घालून मऊ शिजवावी, आंबट नंतर. जड पाण्याचा त्रास असेल तर डाळ भिजवायला आणि शिजवायला गाळलेलं, मऊ पाणी वापरल्याने बराच फरक पडतो.

भाकरी-चटणीला डाळीची सोबत का

भाकरी आणि शेंगा चटणी हे पूर्ण अन्न आहे, अशी समजूत सर्रास आढळते. ती दुरुस्त करायला हवी. प्रथिनं वीस अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांतली नऊ शरीराला आहारातूनच घ्यावी लागतात. ज्वारीत यांपैकी लायसीन फार कमी असतं. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, सुमारे पंचवीस टक्के, पण लायसीनच्या बाबतीत तोही कमकुवतच. म्हणजे दोघे एकमेकांची उणीव भरून काढत नाहीत. ती भरतात तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगा. त्यांत लायसीन मुबलक असतं आणि त्यांच्यात जे कमी पडतं ते ज्वारी देते.

सगळं एकाच घासात असावं लागतं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी पुरतं. पण जुन्या खाण्यात ही सांगड बसलेली दिसते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला, येळवशीला, शेतात जेवायला बसतात तेव्हा भाकरीबरोबर असते ती भज्जी: कोवळा हरभरा, तूर, वाटाणा, वाल आणि पालेभाज्या ताक-बेसनात शिजवलेल्या. हिवाळ्यात शेतात जे-जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात.

याच दिवसांत हुरडा येतो. कोवळी कणसं शेतातल्या आगटीत, गोवऱ्यांच्या आरावर भाजून हातावर चोळतात आणि दाण्याबरोबर शेंगा चटणी देतात. दाणा गोड लागतो, कारण त्यातल्या साखरेचं पिष्टात रूपांतर अजून पूर्ण झालेलं नसतं. ते आठ-दहा दिवसांत पुढे सरकतं, म्हणून हुरड्याचा हंगाम प्रत्येक शेतात थोडकाच असतो.

एक किरकोळ वाटणारी, पण उपयोगी भर: ज्वारी आणि डाळींतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असला तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर उलट होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केल्यानंतर शहरांत ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे नूडल्स वाढले. त्यांपेक्षा भाकरी, आमटी, चटणी, कांदा आणि लिंबाची फोड हे ताट स्वस्त आहे आणि पोटाला जास्त देतं.

उरलेली भाकरी

गार झाल्यावर भाकरी कडक का होते? ती वाळलेली असतेच असं नाही, डब्यात घट्ट झाकून ठेवली तरी कडक होते. शिजताना फुगलेल्या पिष्टाचे रेणू गार होताना पुन्हा एकमेकांच्या जवळ येऊन रांगा धरतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. पुन्हा तापवलं की या रांगा मोडतात, म्हणून शिळी भाकरी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केली की काही वेळ मऊ पडते. या रांगांमधलं काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते पुढे जाऊन मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं अन्न होतं.

फोडणीची भाकरी करताना हेच वापरायचं. भाकरी हाताने कुस्करून तिच्यावर ताक शिंपडावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं. तेवढ्यात कुस्करा ओलावा ओढून घेतो. मग मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे आणि कांद्याच्या फोडणीत तो परतून पुन्हा दोन मिनिटं झाकण ठेवावं, म्हणजे वाफेने आतपर्यंत मऊ होतो. ताक न शिंपडता कोरडा कुस्करा थेट फोडणीत टाकला तर तो पाण्याऐवजी सगळं तेल पितो आणि घशात अडकतो. शेंगदाणे मात्र फोडणीतच तळून घ्यावेत, ताकात भिजले तर त्यांचा कुरकुरीतपणा जातो. वरून कोथिंबीर, लिंबू, आणि बरणीत मुरलेली चटणी असेल तर तिचा एक चमचा.